फोटोत आकाशातलं नसलेलं काही दिसतंय? दोषाचं मूळ शोधायची रीत

रात्रीच्या आकाशाचे बरेच फोटो एकावर एक रचून केलेला (स्टॅक केलेला) फोटो उजळवला (स्ट्रेच केला) की नको ते वर येतं. काळपट कडी, तिरप्या रेघा, एका कोपऱ्यातली लालसर झळाळी, मोठ्या ताऱ्याशेजारी फिकट भुताचा तारा. यावर बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरमध्ये ब्रश फिरवतात आणि तेवढ्यानं भागलं नाही की नवीन फिल्टर मागवतात. दोन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवायची: हा दोष कशाला चिकटलेला आहे? आकाशाला, दुर्बिणीला, कॅमेऱ्याला, विजेच्या वायरीला, की सॉफ्टवेअरला? तेवढं कळलं की उपाय आपोआप पुढे येतो आणि बऱ्याचदा तो फुकटचा असतो.

खालचे आकडे धुळे-जळगाव-नंदुरबार पट्ट्याचं हवामान आणि २१ अंश अक्षांश धरून दिले आहेत. उदाहरणासाठी ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा (सोनीचा आयएमएक्स ५३३ किंवा ५७१ सेन्सर) आणि ४०० मिमी फोकल लेन्थची, एफ/६ ची दुर्बीण घेतली आहे. आपापले आकडे घालून गणित करावं.

आधी चाचण्या

पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन सुटे सब (स्टॅकमधले एकेक फोटो) उघडा आणि तिन्हींना एकच ऑटोस्ट्रेच लावा. दोष एकाच सबमध्ये असेल तर तो बाहेरून आला आहे: उपग्रह, विमान, कोणाचा तरी टॉर्च. प्रत्येक सबमध्ये त्याच पिक्सेलवर असेल तर कॅमेरा किंवा काचा. सुट्या सबमध्ये काहीच नाही आणि स्टॅकमध्ये आहे, तर कॅलिब्रेशन (फ्लॅट म्हणजे सपाट उजेडाचे आणि डार्क म्हणजे झाकण लावून घेतलेले फोटो वापरून केलेली दुरुस्ती) किंवा स्टॅकिंग बिघडलंय. नुसती कॅलिब्रेट केलेली फाइल कच्च्या फाइलशेजारी ठेवली तर दोष फ्लॅट-डार्कनं आणला की आधीपासून होता हेही लगेच कळतं.

दुसरी चाचणी मेरिडियन फ्लिपची. लक्ष्य माथ्यावरची उत्तर-दक्षिण रेषा ओलांडताना माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक) उलटला की आकाश सेन्सरवर १८० अंशांत फिरतं. फ्लिपनंतर जे फ्रेममध्ये जागचं हललं नाही ते कॅमेऱ्याचं किंवा दुर्बिणीचं: धूळ, अँप ग्लो (सेन्सरच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सची झळाळी), टिल्ट (सेन्सर तिरका बसणं). जे ताऱ्यांबरोबर उलटलं ते आकाशाचं, क्षितिजावरच्या उजेडाचं, किंवा एखाद्या ठळक ताऱ्याच्या परावर्तनाचं. ज्यांचा माउंट फ्लिप करत नाही त्यांनी कॅमेरा फोकसरमध्ये ९० अंश फिरवून दोन सब घ्यावेत. दोष फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर तो फिरवलेल्या भागात आहे. कोपरा बदलला तर सांध्याच्या पुढे, म्हणजे फोकसर किंवा दुर्बिणीत.

तिसरी चाचणी: झाकण लावून, नेहमीच्याच एक्स्पोजरचा एक सब. झाकण असतानाही दोष दिसला तर काचांचा संबंध संपला. उरलं इलेक्ट्रॉनिक्स, उष्णता, नाहीतर फटीतून येणारा उजेड. शेवटचा संशय फेडायला झाकण तसंच ठेवून मोबाइलचा टॉर्च नळीभोवती, फोकसरभोवती, न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) असेल तर आरशाच्या पाठीमागे फिरवा. न्यूटोनियनमध्ये आरशाच्या मागून उजेड शिरणं इतकं सर्रास आहे की मागच्या बाजूला काळं कापड आधीच बांधलेलं बरं. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरची खिडकीही झाका. तिथून शिरलेला उजेड फ्रेमच्या कडेला लालसर पट्टा सोडतो आणि डार्कमध्येही जाऊन बसतो.

गोल कडी आणि फसलेले फ्लॅट

मेदूवड्यासारखी कडी म्हणजे धुळीच्या कणाची सावली. मधलं भोक आरशाच्या दुर्बिणीत दिसतं, कारण तिथे दुय्यम आरसा मध्ये असतो. लेन्सच्या दुर्बिणीत नुसता काळपट गोळा येतो. कण कुठे बसलाय ते मोजता येतं:

सेन्सरपासून अंतर = सावलीचा व्यास (पिक्सेल) × पिक्सेलचा आकार × एफ नंबर

सावली १०० पिक्सेलची असेल तर ०.३७६ मिमी × ६, म्हणजे सव्वादोन मिमी. कण सेन्सरच्या अगदी पुढ्यातल्या काचेवर आहे. ८०० पिक्सेलची पसरट सावली असेल तर १८ मिमी. त्या अंतरावर आपल्या जोडणीत काय आहे ते फूटपट्टीनं मोजा, बहुधा फिल्टर निघेल. दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगावरची धूळ अशी कधीच दिसत नाही, तेव्हा कड्यांपायी ते भिंग पुसत बसू नका. पुसण्यानं ओरखडे तेवढे पडतील.

कण घालवायला रबरी ब्लोअर पुरतो. तोंडानं फुंकर मारली की थुंकीचे बारीक शिंतोडे बसतात आणि ते फ्लॅटनंही नीट जात नाहीत. एप्रिल-मेच्या वावटळीत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास तंतू आणि धूळ हटत नाहीत. त्या काळात मागच्या आठवड्याचे फ्लॅट वापरू नयेत. कॅमेरा दुर्बिणीवरून काढला असेल तर फ्लॅट नव्यानेच घ्यावे लागतात.

फ्लॅट लावूनही कडी उरतात तेव्हा ती नेमकी कशी उरलीत ते पाहा. काळी कडी पांढरी झाली आणि कोपरे मध्यापेक्षा उजळ झाले, तर फ्लॅटनं गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती केली. कारण जवळजवळ नेहमी एकच: लाइटमधून (आकाशाच्या सबमधून) डार्क किंवा बायस (सगळ्यात कमी वेळाचा डार्क) वजा झालेला नाही, किंवा लाइट, डार्क आणि फ्लॅटचे ऑफसेट-गेन (कॅमेऱ्याच्या सेटिंग) जुळत नाहीत. कडी उठावदार, एका बाजूनं उजळ आणि दुसऱ्या बाजूनं काळी दिसली, तर फ्लॅट घेताना कण किंवा कॅमेरा किंचित सरकला होता. फिल्टर ड्रॉवर सैल असणं, कॅमेरा फिरणं, फ्लॅटच्या आधी फोकसर पार आत सारून ठेवणं, यांतलं काहीतरी.

फ्लॅट पॅनेल म्हणून एलईडी ट्रेसिंग पॅड स्वस्तात चालतो, पण त्याचा उजेड लुकलुकत असतो आणि कमी वेळाच्या फ्लॅटमध्ये आडवे पट्टे येतात. पॅडवर पांढऱ्या कागदाचे चार-पाच थर टाकून उजेड इतका मंद करा की एक्स्पोजर एक ते तीन सेकंदांचं होईल. १६ बिटच्या फाइलमध्ये सरासरी २२,००० ते ३०,००० एडीयूच्या (पिक्सेलच्या उजळपणाचा आकडा) दरम्यान ठेवा, २५-३० फ्लॅट घ्या, आणि झाकण लावून त्याच एक्स्पोजरचे तितकेच डार्क-फ्लॅट. आयएमएक्स २९४ सेन्सरवर बायस भरवशाचा नसतो, तिथे डार्क-फ्लॅटच वापरायचे आणि फ्लॅट तीन सेकंदांहून लांब ठेवायचे.

तिरप्या रेघा: वॉकिंग नॉइज

सगळ्या पार्श्वभूमीवर एकाच दिशेनं ओढलेले बारीक ओरखडे दिसतात. नवे लोक याला ढग म्हणतात, गेन जास्त झाला म्हणतात. खरं कारण दोन गोष्टींच्या जोडीत आहे. प्रत्येक सेन्सरवर काही पिक्सेल कायम थोडे उजळ किंवा काळपट असतात. दुसरीकडे चित्र रात्रभर सेन्सरवर हळूहळू एकाच दिशेला सरकत असतं. स्टॅकिंग तारे एकावर एक बसवतं, म्हणजे वाईट पिक्सेल उलट दिशेला सरकवतं, आणि त्यांची रांग उमटते.

निदान पक्कं करायला पहिल्या आणि शेवटच्या सबमध्ये एकाच ताऱ्याचे एक्स-वाय आकडे लिहून घ्या. तारा ज्या रेषेत सरकलाय तिचा कोन आणि ओरखड्यांचा कोन जुळला की दुसरं कारण शोधायला नको.

उपाय म्हणजे डिदरिंग: दर एक-दोन सबनंतर दुर्बीण मुद्दाम यादृच्छिक दिशेला थोडी हलवणं. किती हलवायची यातच बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण सॉफ्टवेअरला दिलेला आकडा बहुतेक ठिकाणी गायड कॅमेऱ्याच्या (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याच्या) पिक्सेलमध्ये असतो. गणित असं:

स्केल = २०६.२६५ × पिक्सेल (मायक्रॉन) ÷ फोकल लेन्थ (मिमी)

मुख्य कॅमेरा: २०६.२६५ × ३.७६ ÷ ४०० = १.९४ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. गायड कॅमेरा ३.७५ मायक्रॉनचा आणि गायडस्कोप १२० मिमीचा असेल तर ६.४५. म्हणजे गायडचा एक पिक्सेल हा मुख्य कॅमेऱ्याचे ३.३ पिक्सेल. मुख्य कॅमेऱ्यावर १२ ते १५ पिक्सेल हलायला हवं, तर सेटिंगमध्ये ४ ते ४.५ टाका. याच्या उलट, ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतूनच गायडिंग) वापरणाऱ्यानं हाच ४ चा आकडा ठेवला तर मुख्य कॅमेऱ्यावर चारच्या आसपास पिक्सेल हलतील आणि ओरखडे जसेच्या तसे राहतील. थंड न होणाऱ्या डीएसएलआरवर रंगीत डाग मोठ्या आकाराचे असतात, तिथे २० पिक्सेलपर्यंत जा. तीन मिनिटांचे सब असतील तर प्रत्येक सबनंतर, ३० सेकंदांचे असतील तर दर चार-पाच सबनंतर. गायडिंगच नसलेल्या स्टार ट्रॅकरवर दर दहा फोटोंनंतर इंटर्व्हलोमीटर थांबवून नॉबनं फ्रेम किंचित हलवली तरी चालतं, दर वेळी वेगळ्या बाजूला एवढं लक्षात ठेवा.

सरकणं मुळात का होतं हेही पाहावं. गायडिंग चालू असताना चित्र सरकतंय म्हणजे गायडस्कोप आणि मुख्य दुर्बीण एकमेकांच्या तुलनेत वाकताहेत. प्लॅस्टिकच्या टोकांचे स्क्रू असलेल्या रिंगा, लोंबणारी यूएसबी केबल, कॅमेऱ्याच्या वजनानं झुकणारा फोकसर हे तीन नेहमीचे गुन्हेगार. गायडिंग नसेल तर ध्रुव साधण्यातली चूक. ५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक असेल तर तारा जास्तीत जास्त मिनिटाला १.३ आर्कसेकंद सरकतो. दोन मिनिटांच्या सबमध्ये २.६ आर्कसेकंद, म्हणजे वरच्या जोडणीवर सव्वा पिक्सेलहून जास्त. आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम २१ अंश उंचीवर असतो. सातपुड्याच्या पायथ्याला धूळ-धुराच्या जाड थरातून तो शोधावा लागतो आणि वातावरणाच्या वक्रीभवनामुळे अडीच कला वर दिसतो. ध्रुव साधायच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्रीभवनाची दुरुस्ती असेल तर ती चालू ठेवा. आणि नेम ध्रुवताऱ्यावर धरायचा नसतो, तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ३८ कला लांब आहे. पोलर स्कोपमधल्या घड्याळाच्या खुणेवर तो बसवायचा.

आडवे पट्टे: वीज तपासा

शेतावर किंवा गच्चीवर आडवे पट्टे, जाळीदार नक्षी, मधेच अर्धी फ्रेम काळी पडणं असलं काही दिसलं की कॅमेरा दुरुस्तीला पाठवण्याआधी सगळी साखळी बॅटरीवर चालवून पाहा. लॅपटॉपचा चार्जर काढा. घरातल्या इन्व्हर्टरची वीज शुद्ध साइन वेव्ह नसेल तर चार्जर आणि अडॅप्टरमधून तिचा गोंगाट यूएसबीच्या वाटेनं कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकतो. बॅटरीवर पट्टे गेले, तर दोष तिथेच होता.

बॅटरीवरही पट्टे येत असतील, किंवा कूलर चालू झाला की कॅमेरा तुटत असेल, तर वायर मोजा. पाच मीटर लांब, अर्धा स्क्वेअर एमएमची जोडवायर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, रोध सुमारे ०.३४ ओहम. कूलर, ड्यू हीटर (दव रोखणारी गरम पट्टी) आणि माउंट मिळून ४ अँपिअर ओढले की १.४ व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरी १२ दाखवतेय आणि कॅमेऱ्याला १०.६ मिळताहेत. तीच वायर दीड स्क्वेअर एमएमची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. लोडशेडिंगच्या भागात १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सगळ्यात निर्धोक. गाडीची लेड-ॲसिड बॅटरी मध्यरात्रीनंतर व्होल्टेज सोडते आणि पट्टे नेमके तेव्हाच सुरू होतात. सबच्या वेळा पाहिल्या की हे लगेच लक्षात येतं.

कोपऱ्यातली झळाळी आणि उन्हाळ्याचे ठिपके

एका कोपऱ्यातून किंवा कडेवरून पसरणारी, सूर्यकिरणांसारखी झळाळी हा अँप ग्लो. आयएमएक्स २९४ आणि १८३ वर तो हमखास असतो, ५३३ आणि ५७१ वर नसतो. तो घालवायचा एकच मार्ग: त्याच एक्स्पोजरचा, त्याच गेन-ऑफसेटचा, त्याच तापमानाचा डार्क. अँप ग्लो वेळेच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून स्टॅकिंग सॉफ्टवेअरमधलं डार्क ऑप्टिमायझेशन किंवा स्केलिंग बंद ठेवा. ३०० सेकंदांचा डार्क १८० च्या सबला ताणून बसवला की झळाळीची काळी सावली उरते.

तापमानाचा मुद्दा खान्देशात जरा जास्तच तापतो. सेन्सरचा अंधारातला प्रवाह साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. डिसेंबरात रात्री हवा १२ अंश आणि मे महिन्यात दहा वाजताही ३२, म्हणजे थंड न होणाऱ्या कॅमेऱ्यावर उन्हाळी ठिपके दहापट. त्यात डीएसएलआरचा सेन्सर सलग फोटोंनी आणखी तापतो, त्यामुळे संध्याकाळी घेतलेले डार्क मध्यरात्रीच्या फोटोंना लागू पडत नाहीत. डार्क सत्राच्या शेवटी, कॅमेरा तसाच गरम असताना घ्या. लाइव्ह व्ह्यू बंद, स्क्रीन कॅमेऱ्यापासून उघडून बाहेर, दोन फोटोंमध्ये १५-२० सेकंद विश्रांती.

कूलर असलेल्या कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. बहुतेक कॅमेरे हवेच्या खाली ३० ते ३५ अंश जातात. मेच्या रात्री उणे १० चं लक्ष्य दिलं तर कूलर १०० टक्के चालतो, तरी तापमान वर-खाली होत राहतं आणि एकही डार्क जुळत नाही. कूलरची पॉवर ८० टक्क्यांच्या आत राहील असं लक्ष्य द्या: उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात उणे १०. दोन्हींची डार्कची लायब्ररी एकदाच करून ठेवली की वर्षभर पुरते.

ताऱ्यांभोवती वलयं आणि भुताचे तारे

ठळक ताऱ्याभोवती कडा स्पष्ट असलेलं गोल वलय म्हणजे दोन काचांमधलं परावर्तन. इथेही मोजमाप कामाला येतं, पण उजेड ते अंतर दोनदा कापतो म्हणून वरच्या सूत्राचं उत्तर निम्मं करायचं. वलय २५० पिक्सेलचं असेल तर ०.९४ मिमी × ६ ÷ २, म्हणजे २.८ मिमी अंतरावरच्या दोन पृष्ठभागांचा खेळ. सेन्सरपुढच्या काचेची जोडी असेल तर फारसं काही करता येत नाही. फिल्टरची असेल तर फिल्टर उलटा लावून पाहा, काही फिल्टरचा चकचकीत भाग आकाशाकडे ठेवला की वलय विरतं. ताऱ्यापासून दूर, फ्रेमच्या मध्याच्या पलीकडच्या बाजूला फिकट डाग असेल तर तारा फ्रेममध्ये थोडा सरकवा. डाग उलट दिशेला सरकला की परावर्तन पक्कं, आणि फ्रेमिंग बदलून तारा कडेबाहेर घालवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. अल्निटाकभोवती (मृगाच्या पट्ट्यातला तारा) ठिपक्यांची चौकोनी जाळी दिसली आणि कॅमेरा पॅनासोनिकच्या जुन्या मोनो (कृष्णधवल) सेन्सरचा असेल, तर ती सेन्सरवरच्या सूक्ष्मभिंगांची करणी आहे. त्याला इलाज नाही.

कडा नसलेलं, धुरकट आणि सगळ्याच ताऱ्यांभोवती सारखं वलय वेगळं. ते दव, विरळ ढग किंवा धूर. तापीकाठी आणि रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पाणी चालू असलं की दिवाळीनंतर दव लवकर पडतं. दवाचं वलय सबगणिक वाढतच जातं, मागे येत नाही. धुराचं येतं-जातं. सबच्या पार्श्वभूमीचा आणि ताऱ्यांच्या संख्येचा आलेख काढला तर दवाचा आलेख एका दिशेनं घसरतो आणि धुराचा नागमोडी असतो. हिवाळ्यात शेजारच्या शेतात भरीत पार्टी असली तर कपाशीच्या काड्यांचा धूर थंड हवेत जमिनीलगत रेंगाळतो. भरीत भाजून होईपर्यंतचे सब बाजूला काढा आणि तोवर पानावर बसा, तेवढ्या वेळात हाती काही लागणार नाही.

दवाला १२ व्होल्टची हीटर पट्टी भिंगाच्या अगदी मागे बांधा, ड्यू शील्डवर (भिंगापुढच्या नळीवर) नाही. जास्त तापवली तर भिंगापुढे हवा खदखदते आणि तारे फुगतात. काच दवबिंदूच्या एक-दोन अंश वर राहिली तरी पुरे. फ्रेमच्या मध्यावर पानाच्या शिरांसारखी नक्षी असेल तर दव बाहेर नाही, कॅमेऱ्याच्या आत सेन्सरपुढे गोठलंय. कूलर बंद करा, कॅमेरा सावकाश गरम होऊ द्या आणि ड्रायिंग एजंटच्या (ओल शोषणाऱ्या) गोळ्या बदला. पावसाळाभर कपाटात पडलेल्या कॅमेऱ्याच्या गोळ्या दमट झालेल्याच असतात.

फुल-स्पेक्ट्रम केलेला कॅमेरा असेल आणि तारे लालसर फुगलेले असतील तर यूव्ही-आयआर कट फिल्टर लावलाय का ते पाहा. अशा कॅमेऱ्याला फार्महाउसच्या सीसीटीव्हीचे इन्फ्रारेड दिवेही दिसतात. डोळ्याला मिट्ट अंधार आणि फोटोत एका बाजूनं उजेड, असं कोडं तिथे सुटतं.

तारे गोल नाहीत

चारही कोपऱ्यांत सारखे लांबट असतील तर फ्लॅटनरपासून (कोपऱ्यांतले तारे नीट करणारं भिंग) सेन्सरचं अंतर चुकलंय. बहुतेक फ्लॅटनरना ५५ मिमी लागतं. मध्ये २ मिमीचा फिल्टर असेल तर त्याच्या जाडीचा एक तृतीयांश वाढवायचा, म्हणजे ५५.७ च्या आसपास. तारे मध्यापासून बाहेर फुटल्यासारखे असतील तर बहुधा सेन्सर जवळ आहे. मध्याभोवती गोल फिरल्यासारखे असतील तर लांब. ०.२ मिमीच्या चकत्या टाकत जा. एकाच कोपऱ्यात लांबट असतील तर टिल्ट, आणि त्याची चाचणी वर दिलेली कॅमेरा फिरवण्याचीच. एका बिंदूभोवती सगळ्या फ्रेमभर चाप दिसत असतील तर ध्रुव चुकलाय.

तारे त्रिकोणी असतील तर कुठेतरी काच आवळली गेली आहे. संध्याकाळी २८ अंशांत ठीक असलेली दुर्बीण पहाटे १२ अंशांत त्रिकोणी तारे देते, कारण धातूची बैठक काचेपेक्षा जास्त आकसते. न्यूटोनियनच्या आरशाच्या क्लिप कागद सरकेल एवढ्या सैल हव्यात. ट्रिप्लेट (तीन भिंगांची दुर्बीण) असेल तर सेलचे स्क्रू स्वतः उघडू नका. त्याच १६ अंशांच्या घसरणीत ४०० मिमीची ॲल्युमिनियमची नळी जवळपास ०.१५ मिमी आखडते आणि एफ/६ ला फोकसची मुभा जेमतेम ०.१ मिमीची असते. म्हणून दर तीन-चार अंशांना फोकस पुन्हा.

ताऱ्याची वरची कड निळी आणि खालची लाल असेल तर दुर्बिणीला दोष देऊ नका. ओमेगा सेंटॉरी हा दक्षिणेचा तारकागुच्छ आपल्याकडून कसाबसा २१-२२ अंश वर येतो आणि तेवढ्या खाली वातावरणच प्रिझमचं काम करतं. लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगळे करून एकमेकांवर पुन्हा बसवले की बहुतांश जातं.

रेघा

फ्रेम आरपार छेदणारी रेघ विमान किंवा उपग्रह. १५-२० सब असतील तर विन्सोराइज्ड सिग्मा क्लिपिंग (इतर सबशी न जुळणारे पिक्सेल वगळणारं गणित) ती काढतं. उरली तर वरचा सिग्मा ३ वरून २.५ करा. पाच-सहा सबच्या स्टॅकमध्ये कुठलंच गणित धड चालत नाही.

मृगाच्या फोटोत मात्र एक खास गोष्ट दिसते: पट्टा आणि तलवार यांच्या मध्ये पूर्व-पश्चिम, एकमेकींना समांतर, सारख्या लांबीच्या आखूड रेघा. हे भूस्थिर उपग्रह. ते विषुववृत्ताच्या वर असले तरी २१ अंश उत्तरेवरून पाहताना उणे साडेतीन अंश क्रांतीच्या (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) आसपास दिसतात, आणि तलवारीतला मृगाचा तेजोमेघ उणे ५.४ वर आहे. माउंट ताऱ्यांमागे फिरतो, उपग्रह जागेवर असतात, म्हणून ६० सेकंदांत १५ कला लांबीची रेघ. पुढच्या सबमध्ये ती जिथे संपली तिथूनच सुरू होते. डिदरिंगनं या जात नाहीत. भरपूर सब आणि क्लिपिंगनंच जातात.

साक्रीकडच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे क्षितिजाजवळच्या फ्रेममध्ये लयीत लाल छटा टाकतात. रात्रीच्या थ्री-फेजला पाणी भरायला निघालेल्या शेतकऱ्याची बॅटरी नळीच्या तोंडावर पडली तर तो एक सब टाकून द्या. ड्यू शील्ड लांब ठेवली तर तेवढंही होत नाही.

उरलेला संशय सॉफ्टवेअरवर

ताऱ्यांभोवती काळी कडी शार्पनिंग किंवा डीकन्व्होल्यूशनची (धूसरपणा काढणाऱ्या गणिताची). पार्श्वभूमीत किड्यांसारखी वळवळ एआयच्या नॉइज काढणाऱ्या साधनाची. ताकद निम्म्यावर आणा. पायऱ्यापायऱ्यांची पार्श्वभूमी आली तर कुठेतरी ८ बिटमध्ये सेव्ह झालंय. मिररलेस कॅमेऱ्यावर रंगीत समकेंद्री वर्तुळं दिसली तर कॅमेऱ्यातली लेन्स दुरुस्ती बंद करा आणि रॉ फाइल अनकम्प्रेस्ड किंवा लॉसलेस ठेवा.

तोरणमाळहून दक्षिणेकडचे फोटो घेतले की शहाद्याकडचा उजेड खालून चढतो, पाटणादेवीला चाळीसगावचा ईशान्येकडून. तो काढताना बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनचे (पार्श्वभूमीचा उजेड वजा करण्याचे) नमुना बिंदू तेजोमेघाच्या फिकट कडेवर पडले, तर सॉफ्टवेअर ती कडच उजेड समजून वजा करतं आणि तेजोमेघाभोवती काळा खड्डा पडतो. ऑटोमॅटिक बिंदू टाकल्यावर तेजोमेघाजवळचे हातानं पुसा, १५-२० बिंदू ठेवा, आणि वजा झालेली पार्श्वभूमी वेगळ्या खिडकीत उघडून बघा. तिच्यात तेजोमेघाचा आकार दिसत असेल तर अन-डू करून बिंदू परत लावा.